सोपानकाकांची वर्दी

“घंटी कुठाय तुझी?” मी विचारलं, आणि उत्तर यायच्या आत त्याच्या मानेवर एक ठेवून दिली.

रविवार होता, सकाळचे साडेआठ वाजले होते आणि मी सुट्टीवर होतो. अंगात बनियन, खाली नवीकोरी पांढरी लुंगी, हातात चहाची बशी. बाजारपेठेच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलापुढं मी आणि लोंढे, दोघेही पोलीस शिपाई, फुरके मारत उभे होतो. मागून एक सायकल आली. कॅरियरवर हे एवढं गाठोडं, पुढं हँडलवर दुसरं. हँडलचा धक्का माझ्या कोपराला लागला, बशी कलंडली आणि अख्खा चहा लुंगीवर सांडला. सायकलवाला तसाच पुढं गेला. मी दोन ढांगांत त्याला मागून गाठलं. आधी तोंड बघावं, मग मारावं, अशी माझी पद्धतच नव्हती.

सायकल डगमगली, वळली आणि माणसासकट, गाठोड्यांसकट रस्त्याकडेच्या गटारात गेली.

“बसली बघ समज!” लोंढे खूश होऊन म्हणाला.

‘समज’ हा आमचा दोघांचा लाडका शब्द. सरकारी कागदावर ‘समज देऊन सोडले’ असं लिहितात. म्हणजे गुन्हा किरकोळ होता, चार शब्द सुनावले आणि जाऊ दिलं. मी आणि लोंढे त्या शब्दाचा अर्थ हातानं लावायचो. सुट्टीच्या दिवशी तर जास्तच. अंगावर खाकी नसली की लोक ओळखत नसत, आणि ओळखलं नाही की माझं डोकं फिरायचं. केळ्याची साल रस्त्यात टाकली, दे समज. भिंतीला पिचकारी मारली, दे समज. हायस्कुलातल्या ताम्हणकर मास्तरांना तर डबलसीटबद्दल भर चौकात बायकोसमोर दिली होती. ते तिला दवाखान्यात घेऊन चालले होते, हे नंतर कळलं. कळूनही मला काही वाटलं नाही, हे आज लिहिताना वाटतंय.

गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. सातारा-सांगलीकडचं एक तालुक्याचं गाव, एवढं पुरे. तिथले बरेच जण अजून हयात आहेत आणि त्यांचे गालही आहेत.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. रंगनाथ घोलप, बक्कल नंबर सातशे चौदा. सगळं गाव मला टरकून होतं, पण नोकरीत मी अजून कच्चाच होतो. उमेदवारीची दोन वर्षं नुकतीच संपत आली होती. दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी आठ वाजता, एसपी साहेब आमच्या ठाण्याच्या वार्षिक तपासणीला येणार होते आणि त्याच वेळी मला कायम करण्याच्या कागदावर सही व्हायची होती. सही झाली तर जन्माची ददात मिटली. माझ्याबद्दल वाईट शेरा गेला तर परत गावी, थोरल्या भावाच्या पिठाच्या गिरणीत, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होऊन.

गटारातून माणूस उठला. त्यानं टोपी शोधली, झटकली, डोक्यावर घातली आणि मग वळला. तेव्हा मी ओळखलं. सोपान राक्षे. ठाण्यामागच्या गल्लीत त्याची लाँड्री होती. पन्नाशी ओलांडलेला काटकुळा माणूस, बोलायला कमी.

“सायब, ड्यूटीवर हायसा?” त्यानं शांतपणे विचारलं.

“पोलीस चोवीस तास ड्यूटीवर असतो.”

“आन् वर्दी?”

“वर्दी धुवायला टाकलीय.”

“ठावं हाय,” तो म्हणाला. “माझ्याकडंच टाकलीया.” आणि त्यानं गटाराकडं बोट केलं.

गाठोड्याची गाठ सुटली होती. काळ्या पाण्यात सगळीकडं खाकी पसरली होती. ठाण्यातल्या अकरा माणसांच्या अकरा वर्द्या, खळ देऊन, कडक इस्त्री करून, उद्याच्या तपासणीसाठी तो ठाण्यात पोचवायला निघाला होता. सगळ्यात वर माझीच होती. खिशाला बिडीनं जळालेलं भोक मी लांबूनही ओळखलं.

लोंढेचं हसू मावळलं. त्याचीही वर्दी त्यातच होती. “रंग्या, मी काही बघितलेलं नाही हां,” असं म्हणून तो हॉटेलात शिरला.

मी तिथंच माफी मागायला हवी होती. पण चहा प्यायला थांबलेली पंधरा-वीस माणसं बघत होती. मी आवाज चढवला. “घंटी वाजवली असतीस तर हे झालं असतं का?”

“हाय की घंटी.” त्यानं सायकल ओढून उभी केली, हँडलवरचं भिजलेलं गाठोडं बाजूला सारलं आणि अंगठा दाबला. टिंग. “गाठोड्याखाली हुती.”

मग त्यानं एकेक वर्दी उचलली, गाठोडी बांधली आणि सायकल ढकलत ठाण्याकडं निघून गेला.

पुढचं मी पाहिलं नाही. पण इनामदार हवालदारांनी नंतर ते इतक्या वेळा सांगितलं, आणि निम्मं तर सरकारी शाईत लिहूनच ठेवलं होतं, की आता मी तिथं नव्हतो असं मलाही वाटत नाही.

दस्तगीर इनामदार आमचे ठाणे अंमलदार. दाराशी टेबल, टेबलावर स्टेशन डायरी. ठाण्यात जे जे घडेल, जो जो येईल, त्याची वेळेसह नोंद तीत व्हायची. पानांवर छापील आकडे. खाडाखोड चालत नसे, पान फाडणं तर दूरच. इनामदारांचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि त्यांना त्याचा फार अभिमान. समोरचा माणूस बोलेल तसं ते लिहीत जायचे, मान वर न करता.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. वर्दी म्हणजे अंगावरची खाकी, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ठाण्यात आणखी एक वर्दी असते. कुठं अपघात झाला, कोण पडलं-झडलं, की माणूस ठाण्यात येऊन ती खबर देतो. त्या खबरेलाही वर्दीच म्हणतात. तो वर्दी देतो, अंमलदार लिहून घेतो.

सोपान राक्षे टेबलापुढं उभा राहिला आणि म्हणाला, “वर्दी द्यायला आलोय.”

इनामदारांनी पेनाचं टोपण काढलं. वेळ टाकली, नऊ वाजून पाच मिनिटं. “नाव?”

“आवो, तुमी वळखता की मला.”

“मी ओळखून काय उपयोग? डायरीनं ओळखलं पाहिजे.”

“सोपान गणपत राक्षे.”

“कुणाची वर्दी?”

“घोलपसायबांची.”

“आपला घोलप? काय झालं?”

“गटारात.”

“गटारात? कसा काय?”

“सायकलवरनं.”

“अरेरे. लागलंय का?”

“लई लागलंय. गुडघ्यापासनं खाली नुसतं काळं.”

“काही तुटलंबिटलंय?”

“कॉलरपाशी तुटल्यागत वाटतंय.”

इनामदारांनी ‘गळ्याजवळील हाड मोडल्याचा संशय’ असं लिहिलं. ‘संशय’मधल्या अनुस्वाराचं टिंब त्यांनी गोल गरगरीत दिलं होतं. “बोलतोय का काही? हालचाल?”

“कसली हालचाल? गप पडलंय.”

“या अल्ला. आहे कुठं आता?”

“भाईर. सायकलीवर. गाठोड्यात बांधून आणलंय.”

पेन थांबलं. तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा इनामदारांनी वाक्य अर्धं सोडून मान वर केली. “गाठोड्यात?”

“मग कसं आणणार? एकट्याला उचलंना.”

इनामदार अनवाणी बाहेर धावले. जाता जाता त्यांनी पहाऱ्यावरच्या शिपायाला साहेबांच्या क्वार्टरकडं पिटाळलं. आमचे साहेब, शेडगे फौजदार, एका गालाला साबण तसाच ठेवून पळत आले. तोवर इनामदारांनी गाठोडं सोडलं होतं आणि चिखलात बरबटलेल्या अकरा खाकी वर्द्यांकडं ते नुसते बघत उभे होते.

मला बोलवायला लोंढे आला. “रंग्या, चल लवकर. डायरीत तू गटारात पडून मोडलायस.”

मी पोचलो तेव्हा साहेब ती नोंद मोठ्यानं वाचत होते. ‘गळ्याजवळील हाड’ आलं तेव्हा त्यांना हसू आवरेना. गालावरच्या साबणाचे थेंब डायरीवर पडू नयेत म्हणून इनामदार मध्ये हात धरून उभे होते. मीही हसलो. कडेला बाकावर सोपान राक्षे बसला होता, तो मात्र हसत नव्हता.

“बरं, खोडा ते आता,” साहेब म्हणाले.

“खोडता येत नाही साहेब. उद्या एसपी साहेब पहिली डायरीच मागणार.”

“मग खाली दुरुस्ती लिहा. घोलप पडला नाही, त्याची वर्दी पडली.”

“कशी पडली, तेही लिहावं लागेल.”

“सायकलवरून पडली.”

“सायकल कशी पडली?”

साहेबांनी सोपानकडं बघितलं. सोपाननं माझ्याकडं बघितलं. “घोलपसायबांनीच सांगावं. ते हुते तिथं,” तो म्हणाला. “ड्यूटीवर.”

माझं हसू कुठल्या कुठं गेलं. इनामदारांचं पेन कागदाला टेकलेलं होतं.

“माझा जरा... हात लागला,” मी म्हणालो.

“लागला की मारला? डायरीत हे दोन वेगळे शब्द आहेत.”

“मारला.”

“कुठं?”

“मानेवर. मागून.”

“कारण?”

“घंटी.”

“घंटी नव्हती?”

“होती. गाठोड्याखाली होती.”

इनामदार लिहीत गेले. ‘साप्ताहिक सुट्टीवर असताना’ लिहिलं, ‘बनियन व लुंगी अशा पेहरावात’ लिहिलं. माझ्याविरुद्धची तक्रार मीच सांगत होतो आणि ते तिला सुरेख वेलांट्या काढत होते.

साहेबांनी गालावरचा वाळलेला साबण बाहीनं पुसला. आता ते हसत नव्हते. “सोपानराव, शेवट काय लिहायचा ते तुम्ही सांगा. फिर्याद द्यायची असेल तर देता येते. मी घेईन. पण मग उद्या घोलपच्या कागदावर सही होणार नाही, तो घरी जाईल. हे सांगून ठेवतो.”

सोपान राक्षेनं विचार केला. “शेवटचं सांच्याला सांगतो सायब. आदी कापडं. उनं हायती तवर धुवाय पायजेत.”

“उद्यापर्यंत होतील?”

“झाली असती. पर ह्यो हात वर हुईना.” त्यानं उजवा हात छातीपर्यंत उचलला आणि हाय हाय करत खाली सोडला. “मानेपासनं कळ येतीया.”

साहेब माझ्याकडं वळले. “घोलप, लुंगी वर खोच.”

ओढा ठाण्यापासून फर्लांगभर. दहा वाजता मी गुडघाभर पाण्यात उभा होतो, पुढं दगड, शेजारी अकरा वर्द्यांचा ढीग. सोपान राक्षे काठावरच्या बाभळीखाली बसला होता, उजवा हात मांडीवर ठेवून, पाहुण्याला बसवावं तसा. वैशाखाचं ऊन होतं.

मी पहिली वर्दी दगडावर घातली. जोर लावून तीनचार वेळा घातली.

“हाणू नका,” तो म्हणाला.

“मग काय करू?”

“आपटा.”

“त्यात फरक काय?”

“हाणल्यालं फाटतं. मळ तसाच ऱ्हातो.”

मी आपटायला शिकलो. शिकेपर्यंत लोंढेच्या पँटचा शिवणीपाशी बळी गेला, त्याचं मला फार दुःख झालं नाही.

अशा गावात बातमी पोचवावी लागत नाही. अर्ध्या तासात ओढ्याच्या काठावर माणसं जमली. एरवी पोलीस दिसला की पांगणारी माणसं त्या दिवशी सावली बघून बैठक मारून बसली. त्यात केळीवाला मुलाणी होता, पिचकारीवाला पानपट्टीचा मालक होता. माझ्या हातची समज घेतलेले निदान आठ-नऊ चेहरे तरी मी मोजले. कुणी शिवी दिली नाही, कुणी खडा मारला नाही. फक्त सूचना येत होत्या.

“सायब, काखेत ऱ्हायलं बगा.”

“साबण जास्ती झाला. सरकारी हाय म्हून काय झालं?”

“आवो, शिटी वाजवून बगा, मळ आपसूक निगंल!”

मी मान वर करत नव्हतो. मग एकदम सगळे गप्प झाले म्हणून वर पाहिलं. ताम्हणकर मास्तर आले होते, मागं छत्री घेऊन त्यांच्या बाई. मास्तर बराच वेळ बघत उभे राहिले. लोक वाट बघत होते, मास्तर आता काय बोलतात त्याची. मास्तर म्हणाले, “घोलप, पिळताना मनगट वळवा. खांदा नको.”

“अहो, ते राहू द्या,” बाई म्हणाल्या. “त्यांना आधी पाणी द्या. चेहरा बघा केवढा लाल झालाय.”

पिशवीतून तांब्या काढून त्यांनीच तो माझ्या हातात दिला. मी ओंजळ पुढं करणार होतो, त्यांनी तांब्याच दिला. मला लाज वाटली. थोडीथोडकी नाही, त्या ओढ्यात डोकं घालून बसावं इतकी वाटली. दवाखान्याचं काय झालं होतं, हे विचारायची हिंमत झाली नाही. तांब्या परत देताना एवढंच म्हणालो, “बाई, चुकलं माझं.” त्या ‘हो’ म्हणाल्या. नाही म्हणाल्या नाहीत.

दुपारपर्यंत माणसं कंटाळून जेवायला गेली. वर्द्या उलट्या करून मी दोरीवर घालायला लागलो, तेव्हा मला कॉलरच्या आतल्या खुणा दिसल्या. लाँड्रीवाले कुणाचा कपडा कुठला हे कळावं म्हणून सुई बिब्ब्याच्या तेलात बुडवून आतल्या बाजूला काळी खूण करतात. बिब्ब्याची खूण कपडा फाटला तरी जात नाही. साहेबांच्या कॉलरला चांदणी होती. इनामदारांच्या कॉलरला पेनासारखी तिरकी रेघ. लोंढेच्या कॉलरला एक जिभेसारखं काहीतरी, आणि ते अगदी बरोबर होतं. माझ्या कॉलरला पाच ठिपके होते. चार ओळीनं वर, एक खाली बाजूला.

“काका, हे पाच ठिपके कसले?” मी विचारलं. त्यांना ‘काका’ म्हटलं हे माझ्याही उशिरा लक्षात आलं.

“मला ल्ह्यायला येत न्हाई. ज्याची जी वळख, ती खूण.”

“हो, पण माझी पाच ठिपके कशी?”

“ती तर तुमच्या पयल्या जोडापासनं हाय. दोन वरसं झाली.” त्यांनी हात मांडीवरून उचलून पुन्हा मांडीवर ठेवला. “सांच्याला सांगतो. आदी खळ करा.”

खळ केली, वर्द्या बुडवल्या, वाळवल्या, दुकानात नेऊन इस्त्रीला घेतल्या. कोळशाची इस्त्री मीच फिरवत होतो, काका बोटानं दाखवत होते. मधूनमधून मी त्यांचं तोंड बघायचो. संध्याकाळी हा माणूस काय सांगणार? फिर्याद की आणखी काही? एकदा धीर करून म्हणालो, “काका, माझी नोकरी तुमच्या शब्दावर आहे.” ते म्हणाले, “कफ आदी. बाही मागनं.”

पाच वाजता आम्ही ठाण्यात गेलो. अकरा वर्द्या टेबलावर ठेवल्या, एकीला सुरकुती नाही. साहेब आले होते, लोंढे कोपऱ्यात उभा होता. इनामदारांनी डायरी उघडली. सकाळची नोंद अर्धी होती, खाली जागा सोडलेली.

“बोला सोपानराव,” साहेब म्हणाले.

“थांबा सायब. घोलपसायब, तुमचा शर्ट घालून बगा. बसतोय का.”

मी बनियनवर खाकी शर्ट घातला, खाली ओली लुंगी. सावधानमध्ये उभा राहिलो. काका माझ्यापुढं येऊन उभे राहिले आणि मान न वळवता इनामदारांना म्हणाले, “ल्ह्या हवालदार. समज देऊन सोडलं.”

लोंढेनं माझ्याकडं बघितलं, मी लोंढेकडं. आमचाच शब्द होता.

“तोंडी समज?” इनामदारांनी विचारलं.

“आता देतो की.”

आणि काकांनी उजवा हात उचलला. दिवसभर छातीच्या वर न गेलेला तो हात सरळ वर आला, कुठं अडखळला नाही, कळ आली नाही. माझ्या गालाच्या बरोबरीला येऊन थांबला. पंजा उघडा होता. चार बोटं वर, अंगठा खाली बाजूला. ते पाच ठिपके मला तेव्हा वाचता आले. या गावात माझी ओळख तेवढीच होती, आणि ती त्यांच्या गटारात पडण्याच्या दोन वर्षं आधीपासून माझ्याच मानेवर मी वागवत होतो. मी डोळे मिटून घेतले. मारायला हवं होतं त्यांनी, असं मला अगदी मनापासून वाटलं.

मानेशी काहीतरी सरकलं.

“कॉलर उभी ऱ्हायली हुती,” काका म्हणाले. त्यांनी ती नीट दुमडली, दोन्ही बाजूंनी चापून बसवली आणि हात खाली घेतला. “झाली समज.”

मीच हळूच विचारलं, “काका, तुमचा हात...”

“आला की वर.”

“आणि सकाळची ती वर्दी?”

काकांनी रिकामं गाठोडं झटकून खांद्यावर टाकलं. “ईस वरसं ह्या ठाण्यात वर्दी देतोय, घोलपसायब. कंची वर्दी कवा द्यायची, एवडं कळतंय मला. पोलिसानं हाणलं म्हून सांगाय आलो असतो, तर हवालदारांनी पेनाचं टोपाण काडलं असतं का?”

इनामदारांचं पेन अर्ध्या अक्षरावर थांबलं. ती नोंद पुरी करताना त्यांचं अक्षर पहिल्यांदाच जरा वाकडं आलं. अजून ती डायरी कुठल्या कपाटात असेल तर बघायला मिळेल.

सोमवारी एसपी साहेबांनी खरंच पहिली डायरीच मागितली. गटार वाचलं, हाड वाचलं, दुरुस्ती वाचली. आमच्या ओळीपुढं येऊन त्यांनी विचारलं, “ही समज कुणी दिली?”

शेडगे साहेबांनी सॅल्यूट ठोकला. “सोपान गणपत राक्षे, सर. धंदा लाँड्री.”

एसपी साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. कॉलरवर जरा जास्तच वेळ नजर ठेवली. “इस्त्री चांगली आहे,” म्हणाले आणि माझ्या कागदावर सही केली.

तीन महिन्यांनी नव्या वर्दीचं कापड मिळालं. जोड शिवून मी काकांकडं गेलो. त्यांनी सुई बिब्ब्यात बुडवली, माझ्याकडं बघितलं आणि कॉलरला आतून ठिपके दिले. मी मोजले. चार होते.

“चार?”

“एक वरीस बगू.”

पुढच्या वर्षी तीन झाले. त्याच्या पुढच्या वर्षीही तीनच राहिले. यात्रेत एका फुगेवाल्यावर माझा हात गेला होता. गाव तिथून सहा कोस लांब, काकांना कुणी सांगितलं हे मला आजतागायत कळलेलं नाही. चौथ्या वर्षी दोन ठिपके झाले आणि त्याच पावसाळ्यात माझी बदली झाली.

निरोप घ्यायला गेलो तेव्हा काका इस्त्री करत होते. “काका, दोन राहिले की. तिकडं कोण मोजणार?”

“तुमीच मोजा,” ते म्हणाले. “सवं लागलीया न्हवं आता.”

मग तीसेक वर्षं मी मोजत राहिलो. कधी एक कमी केला, कधी वाढवला, एकदा तर रागाच्या भरात दोन वाढवले. सहायक फौजदार होऊन निवृत्त झालो. काकांनी खूण केलेली ती शेवटची वर्दी मी ट्रंकेत ठेवली आहे.

परवा बायकोनं ट्रंक उघडली. शर्ट उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, “हे कॉलरला आतून कसले डाग आहेत? साबणानं जातील का?”

“नाही जायचे,” मी म्हणालो. “दोन राहिलेत अजून.”